खिडकीत नीट, फाइलमध्ये बिघडलेलं: प्लॉटिंग लायब्ररीत ‘सेव्ह’ फंक्शन जोडताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान म्हणून बरेच जण प्लॉटिंग लायब्ररीत (आलेख काढून देणाऱ्या तयार कोडमध्ये) चित्र जतन करणारं फंक्शन जोडायचं काम निवडतात. निवड चांगली आहे. लहान लायब्ररींमध्ये आलेख खिडकीत दाखवायची सोय असते, पण फाइलमध्ये साठवायची नसते, आणि वापरणाऱ्यांना ती रोज लागते. पुण्यात आमचा एक गट अशा पहिल्या पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवण्याआधी मिळून तपासतो. तिथे कॉलेजची मुलं येतात, हिंजवडीत नोकरी करणारे येतात, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याबरोबर तक्रार तीच येते: खिडकीत आलेख छान दिसतोय, पण जतन केलेली फाइल उघडली की सगळं काळं. नाहीतर वरचं खाली. नाहीतर तिरकं सरकलेलं, किंवा लाल रेघ निळी झालेली. हे सगळं निस्तरून झालं की लॅपटॉपवर पास होणारी चाचणी सीआयवर (बदल आला की आपोआप चाचण्या चालवणाऱ्या मशीनवर) लाल, म्हणजे नापास होते.

लक्षणं वेगळी असली तरी मूळ बहुधा एकच सापडतं. फंक्शन लिहिणाऱ्याने पडद्यावर आधीच उमटलेले पिक्सेल उचलून फाइलमध्ये टाकलेले असतात. ते पिक्सेल त्या खिडकीच्या आकाराचे असतात, त्या ग्राफिक्स प्रणालीच्या क्रमाने मांडलेले असतात आणि त्या क्षणापुरतेच तिथे असतात. जतन करताना आलेख वेगळ्या पृष्ठभागावर, मागितलेल्या आकाराने आणि डीपीआयने (एका इंचात किती पिक्सेल), पहिल्यापासून काढायला हवा. एवढी रचना बदलली की खालच्यातल्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी बाइट कुठे कसे बसतात ते समजून घ्यावं लागतं.

उदाहरणाला पुणेकरांच्या ओळखीचा आलेख घेऊ. खडकवासला साखळीतली चार धरणं आणि त्यांची उपयुक्त साठवण क्षमता टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत): खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. एकूण २९.१५. चार स्तंभ, चार रंग. उंच्या इतक्या असमान आहेत की चित्र उलटलं किंवा आरशासारखं फिरलं तर पाहताक्षणी कळतं. चाचणीसाठी असाच ओबडधोबड आलेख घ्यावा. साइन लाटेचा आलेख दिसायला सुरेख असतो, पण तो उलटा झाला तरी पटकन लक्षात येत नाही.

काळं किंवा कोरं चित्र

मॅटप्लॉटलिब ही पायथॉनमधली प्लॉटिंग लायब्ररी वापरणाऱ्यांना ही तक्रार दुसऱ्या रूपात माहीत असते: आधी ‘शो’ आणि मग ‘सेव्हफिग’ केलं की कोरी पांढरी फाइल मिळते. खिडकी बंद झाली की मॅटप्लॉटलिबच्या पायप्लॉट विभागाच्या लेखी तो आलेख संपलेला असतो, आणि पुढची ‘सेव्हफिग’ची हाक नवा रिकामा आलेख तयार करून तोच जतन करते. ‘शो’च्या आधी जतन करा, किंवा आलेखाचा ऑब्जेक्ट स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा आणि त्याच्यावरच ‘सेव्हफिग’ चालवा.

तुम्ही ज्या लायब्ररीत फंक्शन जोडताय ती ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीवर चालत असेल तर कारण वेगळं असतं. तिथे रेखाटन मागच्या बफरवर (पडद्यावर न दिसणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत) होतं आणि मग मागचा-पुढचा बफर अदलाबदल होतो. अदलाबदल झाल्यावर मागच्या बफरमध्ये काय उरतं याची कोणतीही हमी नाही. एका लॅपटॉपवर जुनं चित्र मिळेल, दुसऱ्यावर काळोख. त्यातच खिडकीवर दुसरी खिडकी आलेली असेल तर झाकलेल्या भागातल्या पिक्सेलचीही हमी नसते. ‘थोडं थांबून वाचलं की येतं’ असं म्हणत मध्ये अर्ध्या सेकंदाची झोप टाकलेला कोड आमच्याकडे बऱ्याचदा दिसतो. त्याने दोष फक्त लपतो, आणि पुढे तो दुसऱ्याच कोणाला तरी शोधावा लागतो. असा कोड पुढे पाठवू नका.

इथे फ्रेमबफर ऑब्जेक्ट वापरायचा. हव्या त्या रुंदी-उंचीचा, पडद्याशी संबंध नसलेला पृष्ठभाग तयार करा, त्यावर आलेख काढा आणि तिथून पिक्सेल वाचा. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तो मल्टिसॅम्पल केला असेल तर त्यातून थेट वाचता येत नाही, ओपनजीएल चुकीची क्रिया म्हणून नकार देतं. आधी ते चित्र साध्या फ्रेमबफरमध्ये उतरवून घ्यावं लागतं. हा नकार कोडमध्ये तपासला नाही तर हाती पुन्हा काळं चित्रच येतं, आणि माणूस भलतीकडे शोधत राहतो.

मॅकवर याचंच एक भावंड भेटतं. दाट पडद्यावर ६४० बाय ४८० ची खिडकी प्रत्यक्षात १२८० बाय ९६० पिक्सेलची असते. खिडकीचा आकार विचारून तेवढेच पिक्सेल वाचले तर आलेखाचा डावा-खालचा पाव भाग मिळतो. आपल्या उदाहरणात खडकवासल्याचा बुटका स्तंभ आणि पानशेतचा खालचा भाग, बस. वेगळा पृष्ठभाग वापरला की ही भानगडच उरत नाही.

उलटं, तिरकं आणि निळं

ओपनजीएल पहिली ओळ तळाची मानतं, पीएनजी पहिली ओळ माथ्याची मानतं. म्हणून चित्र उलटतं. दुरुस्ती फाइल लिहिणाऱ्या भागातच, ओळींचा क्रम उलटा करून करायची. काही जण आलेखाचा उभा अक्षच उलटवतात. चित्र सरळ दिसतं, पण अक्षरं उलटीच राहतात, मग अक्षरांसाठी वेगळी पळवाट काढावी लागते, आणि मेंटेनरला (लायब्ररी सांभाळणाऱ्याला) तो गुंता वाचावा लागतो.

तिरक्या चित्राचं कारण जास्त रंजक आहे, आणि तेच सर्वांत उशिरा सापडतं. ओपनजीएल पिक्सेल परत देताना प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत सुरू करतं, ही त्याची मूळ सेटिंग आहे. रुंदी ६४० असेल आणि प्रत्येक पिक्सेलला लाल-हिरवा-निळा असे ३ बाइट असतील तर ओळ १९२० बाइटची होते. तिला ४ ने भाग जातो, म्हणून सगळं ठीक दिसतं. वापरणाऱ्याने खिडकी किंचित ओढून ६४१ केली की ओळ १९२३ बाइटची होते आणि ओपनजीएल तिच्यामागे एक रिकामा बाइट जोडतं. तुमचा कोड तो बाइट चित्राचाच समजतो. पुढची ओळ एका बाइटने सरकते, त्यापुढची दोनने. पिक्सेलचा एक तृतीयांश प्रत्येक ओळीला सरकत ४८० ओळींत जवळपास १६० पिक्सेलचा कल पडतो, आणि लाल-हिरवा-निळा यांच्या जागा ओळीगणिक फिरत असल्याने सगळ्या आलेखावर इंद्रधनुषी पट्टे येतात. सी भाषेत बफर नेमका १९२३ गुणिले ४८० चा घेतला असेल तर शेवटी शेकडो बाइट बफरच्या बाहेर लिहिले जातात आणि प्रोग्राम कोसळतो, तोही नेहमी नाही, कधीमधी.

उपाय दोन: वाचण्याआधी ती सेटिंग १ करा, किंवा पारदर्शकतेसह ४ बाइटचे पिक्सेल वाचा. मला दुसरा आवडतो, कारण पारदर्शक पार्श्वभूमीची मागणी पुढे येतेच येते. ओपनजीएलऐवजी कैरो ही चित्र काढणारी लायब्ररी वापरत असाल तर ओळीची खरी लांबी कैरोलाच विचारा, स्वतः गुणाकार करून ठरवू नका.

आता निळं. कैरोच्या ‘एआरजीबी ३२’ प्रकारात पिक्सेल ३२ बिटांची एक संख्या म्हणून ठेवलेला असतो. आपल्या बहुतेक लॅपटॉपवर त्या संख्येचे बाइट उलट्या क्रमाने मांडले जातात, म्हणजे मेमरीत आधी निळा, मग हिरवा, मग लाल आणि शेवटी पारदर्शकता. पीएनजीला लाल आधी हवा. क्रम न बदलता लिहिलं की वरसगावचा लाल स्तंभ निळा होतो. हिरवा मधोमध असल्याने जागचा हलत नाही, त्यामुळे हिरव्या रंगाचा नमुना घेऊन केलेली चाचणी खुशाल पास होते.

क्रम दुरुस्त केल्यावरही एक बारीक दोष उरतो, आणि तो नजरेतून निसटतो. कैरो रंग पारदर्शकतेने आधीच गुणून ठेवतं. अर्धपारदर्शक लाल, म्हणजे २५५, ०, ० आणि पारदर्शकता १२८, हा मेमरीत १२८, ०, ०, १२८ असा असतो. पीएनजीमध्ये रंग न गुणलेलाच जायला हवा. तसाच लिहिला तर अर्धपारदर्शक भाग मळकट होतात आणि अक्षरांच्या व रेघांच्या कडांना पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळपट झालर येते. प्रत्येक रंग २५५ ने गुणून पारदर्शकतेने भागायचा. पारदर्शकता शून्य असेल तिथे भागाकार न करता सरळ शून्य लिहायचं.

या चारही दोषांसाठी एकच छोटी चाचणी पुरते. विषम आकाराचं, समजा ५ बाय ३ पिक्सेलचं चित्र घ्या. वर डावीकडे लाल, वर उजवीकडे हिरवा, खाली डावीकडे निळा आणि खाली उजवीकडे अर्धपारदर्शक लाल. जतन करा, फाइल परत वाचा आणि चार कोपरे तपासा. चित्र उलटलं, सरकलं, रंग बदलला किंवा गुणाकार राहिला, तर कुठला ना कुठला कोपरा बोलतोच. मेंटेनरलाही असली चाचणी वाचून विश्वास बसतो.

डीपीआय

खिडकीतलं चित्र तिप्पट ताणून ‘३०० डीपीआय’ म्हणून जतन करणारं फंक्शन लिहू नका. नारायण पेठेतल्या छपाईच्या दुकानात ते कागदावर आलं की धूसरपणा लपत नाही. मॅटप्लॉटलिबचा नियम समजून घ्यावा: आकार इंचांत, रेघांची जाडी आणि अक्षरांचा आकार पॉइंटांत, आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. मूळ आकार ६.४ बाय ४.८ इंच, डीपीआय १००, म्हणून ६४० बाय ४८०. दीड पॉइंटाची रेघ १०० डीपीआयला साधारण २ पिक्सेल होते आणि ३०० ला सव्वासहा. चित्र १९२० बाय १४४० चं होतं, पण आलेखाची प्रमाणं तीच राहतात, कारण सगळं नव्याने काढलेलं असतं.

इंचांवरून पिक्सेल काढताना राउंड करा, अपूर्णांक तोडू नका. ४.३५ गुणिले १०० हे संगणकाच्या हिशेबात ४३४.९९९… येतं. ते तोडून पूर्णांक केलं तर ४३४ होतं आणि एक ओळ गायब होते.

पीएनजीच्या फाइलमध्ये डीपीआय म्हणून नोंद नसतेच. तिथे मीटरमागे किती पिक्सेल, हे पूर्णांकात लिहिलेलं असतं. ३०० डीपीआयचे ११८११ होतात आणि परत वाचताना २९९.९९९४ मिळतात. ‘बरोबर ३०० आहे का’ असं विचारणारी चाचणी त्यामुळे पडते. थोडी सूट ठेवा.

जतन करण्यापुरता आलेखाचा डीपीआय बदलत असाल तर तो परत मूळ किमतीवर आणायलाच हवा, आणि मध्येच फाइल लिहिताना चूक झाली तरीही. म्हणजे ती ओळ ‘फायनली’मध्ये हवी. डिस्क भरलेली होती, फाइल लिहिली गेली नाही आणि त्यानंतर खिडकीतली अक्षरं तिप्पट मोठी झाली, अशी तक्रार आली तर इथेच पाहा.

मराठी अक्षरं

आपल्याकडे हा प्रश्न हटकून येतो, आणि तो ‘सेव्ह’चा दोष म्हणून नोंदवला जातो. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर फाँटमध्ये देवनागरी नाही. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या डेजाव्हू सॅन्समध्ये ती नाही. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) हा फाँट लावा. आवृत्ती ३.६ पासून एकामागोमाग फाँटची यादी देता येते, म्हणजे एका फाँटमध्ये नसलेलं अक्षर पुढच्यातून घेतलं जातं.

चौकोन गेले म्हणजे काम झालं असं मात्र नाही. देवनागरी जोडण्यासाठी अक्षरांची मांडणी करणारा वेगळा टप्पा लागतो, तो हार्फबझसारखी लायब्ररी करते. पुष्कळ प्लॉटिंग लायब्ररी एकेक चिन्ह ओळीने ठेवत जातात. मग ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. धरणांच्या आपल्या आलेखात हे लक्षातच येत नाही! खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारही नावांत ना ऱ्हस्व वेलांटी ना जोडाक्षर. अक्षावर ‘पाणीसाठा’ लिहिलं तरी चालून जातं. ‘टक्के’ किंवा ‘मिलिमीटर’ लिहिलं की बिंग फुटतं. म्हणून मराठीची चाचणी करताना नमुन्यात ‘स्थिती’सारखा शब्द ठेवाच.

ही दुरुस्ती तुमच्या ‘सेव्ह’च्या पुल रिक्वेस्टमध्ये कोंबू नका. तो वेगळा, मोठा विषय आहे, त्याचा वेगळा इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची नोंद) उघडा. मला मनापासून वाटतं की तो इश्यू देवनागरी वाचणाऱ्यांनीच उघडायला हवा, बरोबर आणि चूक अशी दोन चित्रं शेजारी लावून. वेलांटी कुठल्या बाजूला हवी हे मेंटेनरला पाहून कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही. तोवर मॅटप्लॉटलिबमध्ये एक वाट आहे: एसव्हीजी या चित्राच्या फॉरमॅटमध्ये अक्षरं आकृती म्हणून न लिहिता मजकूर म्हणूनच लिहायची सेटिंग निवडा. मग मांडणी ब्राउझर करतो आणि ती बरोबर येते, फाँट तिथे असला की झालं.

फाइलच्या नावातही मराठी येतं. ‘धरणसाठा’ नावाची फाइल लिनक्सवर बनते आणि विंडोजवर बनत नाही, कारण सी भाषेतलं फाइल उघडणारं साधं फंक्शन तिथे यूटीएफ-८ नाव गृहीत धरत नाही. पायथॉनमध्ये फाइल उघडून तिचं हँडल खाली द्या. त्याने दुसरीही सोय होते: मेमरीतल्या बफरमध्ये जतन करता येतं, जे वेब सर्व्हरवाल्यांना हवंच असतं.

लॅपटॉपवर हिरवं, सीआयवर लाल

आधी पाहा, सीआयच्या मशीनला पडदा आहे का. बहुधा नसतो. खिडकी उघडणारा कोड तिथे सुरुवातीलाच पडतो. एक्सव्हीएफबीचा आभासी पडदा लावा किंवा ईजीएलने पडद्याशिवाय काम करा. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘ॲग’ बॅकएंड (प्रत्यक्ष चित्र काढणारा भाग) याचसाठी आहे.

मग पाहा, तुम्ही तुलना कशाची करताय. दोन पीएनजी फाइलींचे बाइट जुळवत असाल तर थांबा. पीएनजीतली माहिती दाबणाऱ्या झेडलिबची आवृत्ती बदलली की तेच पिक्सेल वेगळ्या बाइटांत दाबले जातात. मॅटप्लॉटलिब तर पीएनजीच्या माहितीत स्वतःची आवृत्तीही लिहितं. फाइल उघडून पिक्सेल काढा आणि त्यांची तुलना करा.

पिक्सेलही जुळत नसतील तर अक्षरांकडे पाहा. अक्षरं काढणाऱ्या फ्रीटाइप लायब्ररीची आवृत्ती बदलली की अक्षरांच्या कडा हलतात. मॅटप्लॉटलिबने याच कारणासाठी अनेक वर्षं चाचण्यांकरता फ्रीटाइप २.६.१ ही एकच आवृत्ती धरून ठेवली, आणि चाचणीत मजकूर काढून टाकायची सोयही दिली. अक्षरांशी संबंध नसलेल्या चाचणीत अक्षरं ठेवूच नका. फरकाची मर्यादा वाढवत नेऊन चाचणी हिरवी करणं मला पटत नाही. मर्यादा इतकी सैल होते की एक स्तंभ गायब झाला तरी कळत नाही.

त्याहून चांगली रीत म्हणजे नमुना चित्रच न ठेवणं. तोच आलेख दोन वेगळ्या मार्गांनी काढा आणि दोन्हींची जागच्या जागी तुलना करा. मॅटप्लॉटलिबमध्ये दोन आलेख सारखे आहेत का हे तपासणारा डेकोरेटर त्यासाठीच आहे. नमुना चित्रं गिटमध्ये टाकली की प्रत्येक जुनी आवृत्ती कायमची राहते आणि रेपॉझिटरी फुगत जाते, म्हणून मेंटेनर त्यांच्यावर नाराज असतात.

पाठवताना

कोड लिहिण्याआधी इश्यूमध्ये फंक्शनचं रूप ठरवून घ्या: नाव काय, कोणते पर्याय, फॉरमॅट एक्स्टेन्शनवरून ओळखायचा का, कॅपिटल अक्षरातलं एक्स्टेन्शन चालेल का, आणि जेपीईजी मागितलं तर पारदर्शक भागाचं काय करायचं. जेपीईजीत पारदर्शकता नसतेच, त्यामुळे आधी पार्श्वभूमीचा रंग भरावा लागतो किंवा स्पष्ट चूक दाखवावी लागते. पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये फक्त पीएनजी ठेवा. पीडीएफ आणि एसव्हीजी नंतर. वर्णनात खिडकीचं चित्र आणि जतन केलेली फाइल शेजारी लावा, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पाहिलं ते लिहा, आणि ज्यावर पाहता आलं नाही तेही लिहा, म्हणजे तेवढं दुसरं कोणीतरी तपासून देतं. आमच्या गटात विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्ही असतात, त्यामुळे पाठवण्याआधी तिन्हींवर एकदा फिरवून घेता येतं. एकट्याने करत असाल तर सीआयच्या यादीत तिन्ही मशीन आहेत का ते पाहा, नसतील तर ती जोडायची वेगळी छोटी पुल रिक्वेस्ट आधी पाठवा.